रिकाम्या हातांचा फोटो

रवि. ५ जाने.

आज सकाळी पूजा झाली आणि चहा न घेताच माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. नीता म्हणाली, "अहो, आता हे काय?" म्हटलं, "कागद शोधतोय." देवापुढून उठून पाच मिनिटं झाली नव्हती. लगेच खोटं.

शोधत होतो आईचा फोटो. काल आंबिवलीला आत्याचं बारावं होतं. हार घातलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला. आत्या जन्मभर हसरी बाई, फोटोत मात्र कोणीतरी दरडावून बसवल्यासारखी. आतेभाऊ म्हणाला, "दुसरा नव्हताच रे." परत येताना रिक्षात आई माझ्या शेजारी होती. मी रस्ताभर बाहेर बघत आलो.

ट्रंकेत चार अल्बम. आई असलेले फोटो नऊ. माझ्या लग्नात ती पंगतीत वाढतेय, पाठमोरी. प्राचीच्या बारशात पाळण्यामागे उभी, चेहऱ्याच्या मध्ये कोणाचा तरी हात. वास्तुशांतीत तिचा नुसता हात आलाय, गडू धरलेला. एकात समोर बघतेय, पण चष्म्याच्या काचा फ्लॅशने पांढऱ्या झाल्यात. माझे वडील, अण्णा, गेल्यानंतरचीच ही सगळी कार्यं. लग्नात विधींना काका-काकू बसले. आईला कोणी पुढे बोलावलं नाही. मीही नाही.

आई ७६. चांगला फोटो एकही नाही.

सोम. ६ जाने.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले दामले रोजच्यासारखे डबा घेऊन माझ्याकडे ग्रंथालयात आले. वीस वर्षं फोटो काढतात, दोन बक्षिसं आहेत. त्यांना म्हटलं, चांगला कॅमेरा घ्यायचाय. त्यांची पोळी हातातच राहिली. "शिंदे, तुम्ही? अहो, आधी का नाही बोललात?"

मग सुट्टी संपेपर्यंत लेन्स. माणसांसाठी वेगळी, डोंगरांसाठी वेगळी. मागचं सगळं धूसर करून टाकणारी एक असते. कागदावर लिहून घेतलं. अर्धं कळलं.

कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

शुक्र. १० जाने.

आठवडाभर डोक्यात कॅमेरा. जपाची माळ हातात, आणि मनात अमुक घ्यावा की तमुक. माळ दोनदा पहिल्यापासून सुरू केली.

मनाशी असं ठरवलंय, की आईचा फोटो चांगला येत नाही कारण आपल्याकडे साधन नाही. लगेच काढता येईल असा कॅमेरा हवा. तिला कळायच्या आत. फोन समोर धरला की ती तोंड फिरवते.

सांगून काढता येत नाही. आमच्या गावात म्हणायचे, म्हाताऱ्या माणसाचा मुद्दाम फोटो काढणं म्हणजे यमाला पत्ता देणं. मी पत्ता देणार नाही. पण फोटो हवाय.

शनि. ११ जाने.

दामलेंबरोबर ठाण्याला. दुकान लहानसं, काचेच्या कपाटात कॅमेरे देवासारखे मांडलेले. मालक माझ्याच वयाचा. सरळ विचारलं, "काय काढणार तुम्ही?"

तोंडात आलं होतं, आईचा फोटो. पण मग तो विचारणार, एवढ्यासाठी एवढा मोठा कॅमेरा? मग मी काय सांगू?

"पक्षी," म्हणालो.

दामले माझ्याकडे बघतच राहिले. मालकाने मात्र पक्ष्यांची लेन्स काढली, हाताएवढी लांब. ती डोळ्याला लावून रस्त्यापलीकडच्या इमारतीवरचा कावळा पाहिला. चोच स्पष्ट. लेन्स नको म्हटलं. कॅमेरा एक पसंत केला, तो मागवावा लागेल. "मागवतो. महिन्याभरात कळवा, घेताय की नाही."

येताना दामले गाडीत म्हणाले, "पक्षी कधीपासून?" म्हटलं, "हल्लीच." एवढ्यात कल्याण आलं.

मंगळ. १४ जाने. संक्रांत

आईने तिळाचे लाडू केले. पाक गरम असतानाच वळावे लागतात, त्यामुळे तिचे तळवे लाल. मी फोन धरला. लगेच तोंड भिंतीकडे. "माझा कशाला, लाडवांचा काढ की."

लाडवांचा काढला. नीताने तो सगळ्यांना पाठवला. छान आलाय म्हणे.

जेवताना नीता हळूच म्हणाली, "आईंचा फोटो हवाय ना तुम्हाला?" तिला सगळं कळतं, उगीच लपवत होतो. "मग कॅमेरा येईपर्यंत थांबलाय कशाला? महिना गेला की म्हणाल, आता लेन्स यायचीय."

मी आणखी एक लाडू घेतला.

शुक्र. १७ जाने. संकष्टी

रजा टाकून सकाळीच टिटवाळ्याला. रांग लांब. माझ्या पुढे एक जोडपं, सव्वा तास उभं. मूर्तीसमोर पोहोचले आणि दोघांनीही डोळे घट्ट मिटून घेतले. आतले गुरुजी म्हणाले, "अहो, उघडा डोळे. मिटून घरी बसलात तरी चाललं असतं."

लोक हसले. मीही. माझी पाळी आली तर माझेही डोळे मिटलेले. सवय. गुरुजी माझ्याकडे बघून नुसते "हं" म्हणाले. उघडले. एवढ्या वर्षांत सोंडेवरची शेंदराची घडी कधी पाहिली नव्हती.

रवि. १९ जाने.

दामलेंनी त्यांचा कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला. "हात बसू द्या, पक्षी उडून जातात."

दुपारी आई गॅलरीत तांदूळ निवडत होती. नाकावर चष्मा, मांडीवर सूप, बाजूने ऊन. मी दाराआडून काढत राहिलो. तिला कळलं नाही. चाळीसेक फोटो. कॅमेऱ्यात बघितले आणि माझाच विश्वास बसेना. तिच्या बोटांवरच्या सुरकुत्या, सुपातला एकेक दाणा, हवेतला कोंडा उन्हात चमकणारा. मागचं सगळं धूसर, नेमकं दामले सांगायचे तसं.

सुटलो असं वाटलं. देवाला नमस्कार केला.

मंगळ. २१ जाने.

दामलेंनी फोटो संगणकावर मोठे करून बघितले. एक पुन्हा उघडला. मग म्हणाले, "शिंदे, हा स्पर्धेला पाठवा. नाव द्या 'कष्ट'."

छाती फुगली. त्यातल्या दोन फोटोंच्या मोठ्या प्रती काढून घेऊन घरी आलो. आईच्या हातात दिल्या. यमाला काय कळायचं ते कळो.

आईने चष्मा पुसला. एक बघितला, दुसरा बघितला. मग म्हणाली, "तांदूळ छान आलेत."

"आणि तू?"

"माझं हात आल्यात की." परत बघितलं. "मी कुठं हाय ह्यात?"

प्राची म्हणाली, "आजी, बाबांचे दामले सर म्हणतात नाव द्यायचं 'कष्ट'."

"कष्ट? तांदूळ निवडायचं कसलं कष्ट? तांदूळ निवडताना तर बूड टेकतं."

प्राची हसली, नीता हसली. मीही हसलो, पण नंतर फोटो घेऊन आतल्या खोलीत बराच वेळ बसलो. आई म्हणते ते खरं आहे. डोळे खाली, पापण्या मिटल्यासारख्या. दाणे दिसतात. ती नाही दिसत.

रवि. २६ जाने.

सकाळी इमारतीखाली झेंडा. संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू. घरात तीसेक बायका, गजऱ्यांचा वास. आई स्वयंपाकघरात. अण्णा गेल्याला सत्तावीस वर्षं, तेव्हापासून हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरातच असते. लाडू ताटलीत घालून देते, नीता बाहेर नेते. नीताने दरवर्षीप्रमाणे म्हटलं, "आई, बाहेर येऊन बसा ना." दरवर्षीप्रमाणे आई म्हणाली, "मला दिसतंय हितून."

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला मला बोलावलं. फोनवर काढला. तीस बायका, सगळ्या समोर बघणाऱ्या. नंतर मोठा करून पाहिला तर मागे स्वयंपाकघराचं दार, दारात साडीचा निळा काठ. एवढाच.

ट्रंकेतले नऊ, हा दहावा.

सोम. २७ जाने.

दामलेंना म्हटलं, स्पर्धेला नाही पाठवत. हिरमुसले. "अहो, असा फोटो वर्षातून एकदा होतो." होत असेल.

शनि. १ फेब्रु. माघी गणपती

हे सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

पूजेनंतर भिंतीवरचा अण्णांचा फोटो पुसायला काढला. तो फोटो मला कधीच आवडला नाही. अण्णा जन्मभर धोतर आणि टोपीत. फोटोत मात्र काळा कोट, लाल टाय, मानेपाशी रंगाने जोडलेला सांधा. ते गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा, इकडे नोकरीला नवा. गावी पोहोचेपर्यंत सगळं झालेलं, फोटोही तयार. जत्रेतल्या फोटोतलं डोकं कापून तालुक्याच्या फोटोवाल्याने आपल्याकडच्या तयार कोटावर बसवलं होतं. तेव्हा सगळे फोटोवाले तेच करायचे. मी मनातल्या मनात त्याला किती शिव्या घातल्या असतील. घरी कोणी आलं की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

आज पुसता पुसता बोलून गेलो. "त्या फोटोवाल्याला अण्णांना कोट घालायची काय अक्कल सुचली होती कोण जाणे."

आई वाती वळत होती. म्हणाली, "त्याला न्हाय. मला."

मी थांबलो.

"आमच्या लग्नात तुझ्या अण्णांना कोट घालायचा होता. पाव्हण्यांकडनं मागून आणायचं ठरलेलं. त्याच दिवशी त्या पाव्हण्याच्या घरात साखरपुडा निघाला, कोट आलाच न्हाय. सदऱ्यावर लगीन लागलं. मरेस्तवर म्हणायचं, सगळं झालं बघ, कोट तेवढा ऱ्हायला."

मला हे ठाऊक नव्हतं. मी त्यांचा मुलगा. पन्नाशीला आलो.

"तालुक्याला मीच गेल्ते फोटो घेऊन. तुझा काका म्हणत हुता धोतर-टोपीच राहू द्या. फोटोवाल्यानं मला बाकड्यावर बसवलं, चा पाजला. म्हणला, मावशी, मी काय त्येंना बघितलं न्हाय. कसं होतं सांगा. मग मी सांगत बसले. तो ऐकत बसला. मग त्यानं चार-पाच कोट दावले, मी हा काढला." वात वळून बाजूला ठेवली. "त्यानं इचारलं बघ."

मी काच पुसत राहिलो. पुसून झाली होती तरी.

मग तीच म्हणाली, "आक्काच्या बाराव्यास्नं आल्यावर तू ट्रंक काढलीस, तवाच मला कळलं. कागद म्हणं." आणि हसली. "दाराआड लपून काढतोस, लाडू वळताना काढतोस. काय चोरी हाय व्हय रं, दत्ता?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला काय मी मरणार न्हाय असं वाटतंय?"

आता विचारायचं मलाच होतं. फोटोवाल्याने पाच मिनिटांत विचारलं, मला महिना लागला. खरं तर सत्तावीस वर्षं.

"कसा काढू तुझा?"

तिने वाती मोजल्या, डबीत भरल्या. मग म्हणाली, "नुसती बसलेली काढ. हातात काय नगं. सूप नगं, तांब्या नगं, पोर नगं. जल्मभर सगळ्यांनी मला कामच करताना बघितलं. हात रिकामं असलेली काढ."

अण्णांचा फोटो परत खिळ्याला लावला. आज पहिल्यांदा नीट बघितला. कोट त्यांना शोभतो.

रवि. २ फेब्रु.

आज काढला.

दामलेंचा कॅमेरा परत गेलेला, ठाण्याचा आलेला नाही. माझा फोन, काचेला कोपऱ्यात चीर. त्यानेच.

आईने स्वतः ठरवलं सगळं. रोजचीच साडी, धुतलेली. गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर मांडी घालून. डोक्यावर पदर नको म्हणाली. केस नीताने विंचरून दिले.

बसली आणि हातांचं काय करायचं ते तिला कळेना. आधी पदराचं टोक मुडपलं. मग खुर्चीच्या दांड्यावरची धूळ पुसली. मग गुडघ्यावरचा एक धागा काढला. प्राची म्हणाली, "आजी, हात शांत." "शांतच हायत की," आणि बोटांनी परत घडी घालायला सुरुवात. तिघंही हसायला लागलो. ती रागावली. "हसताय काय, मला कुठं येतंय बसायला."

नीता आणि प्राचीला आत जायला सांगितलं. फोन मांडीवर ठेवून जमिनीवर बसलो. म्हटलं, घाई नाही. ज्याचा कोट आला नाही तो पाव्हणा कोण, विचारलं. तिने सांगितलं. त्याची गोष्ट कुठल्या कुठे गेली, विहिरीपर्यंत, तिच्या माहेरच्या शाळेपर्यंत, जिथे ती दीड वर्ष गेली होती. हे पण नवीन. मी ऐकत होतो आणि बघत होतो. तिच्या डाव्या भुवईत एक पांढरा व्रण आहे. कधीचा, विचारलं. "तू लाथ मारलीस, तान्हा असताना. हातातला दिवा लागला."

एकोणपन्नास वर्षं तो व्रण तिथे आहे.

मग बोलणं संपलं. ती गप्प बसली, मी गप्प बसलो. खाली कोणीतरी गाडी धूत होतं. तिचे हात मांडीत उताणे पडले, एकावर एक, आपोआप. ती माझ्याकडे बघत होती. काम सांगायला नाही, जेवलास का विचारायला नाही. नुसती. मी फोन उचलला, तिने तोंड फिरवलं नाही.

एकच काढला. दुसरा काढावासा वाटला नाही.

पाठीवरची गोण उतरवल्यासारखं हलकं वाटतंय. दुपारी झोपलो, संध्याकाळपर्यंत.

सोम. ३ फेब्रु.

दामलेंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "उजेड सपाट आहे. मागे दोरी आलीय. दोरीवर मोजा आहे."

"प्राचीचा. असू दे."

त्यांनी फोन परत दिला, मग परत मागून घेतला. परत बघितला. "हो," म्हणाले, "असू दे."

डबा खाताना लेन्सबद्दल काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "त्या तांदळाच्या वेळी मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं हो तुम्हाला." सांगितलं. यशोदा.

शनि. ८ फेब्रु.

फ्रेम करून आणला. आईने खिडकीशी नेऊन बघितला. बराच वेळ. मी उगाच चपला नीट लावत उभा.

"बरी आलीया," म्हणाली. थोड्या वेळाने, "हात बघ कसं गप बसल्यात."

आता लावायचा कुठे? नीता म्हणाली, जिवंत माणसाचा भिंतीवर लावत नाहीत, कपाटात ठेवू. आई म्हणाली, "कपाटात कशाला? तुझ्या अण्णांच्या शेजारी नगं, तितं इतक्यात जायचं न्हाय मला. दारासमोर लाव. येणाऱ्याला आधी मी दिसू दे. मग चा करायला जाईन."

खिळा मीच ठोकला. जरा तिरका बसला. पुढच्या हळदीकुंकवाला तीस बायका येतील त्या दारातून. तेव्हा आई बाहेर बसेल का, माहीत नाही. नीता म्हणते, विचारायची पद्धतच आपली चुकत होती. बघू.

मग ठाण्याच्या दुकानात फोन लावला. महिना होत आला होता, आणि कॅमेरा आलाय असा त्यांचा निरोपही होता. चार दिवस टाळत होतो. म्हटलं, "कॅमेरा नको. तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

"काही नाही हो, दुसरं गिऱ्हाईक आहे. पण मग तुमच्या पक्ष्यांचं काय?"

"पक्षी काढायचे नव्हते," म्हणालो. "आईचा फोटो काढायचा होता. सांगायला धीर झाला नाही."

"मग? काढलात?"

"काढला. फोनवरच."

"बरं झालं," म्हणाला. मला वाटलं, आता ठेवेल. ठेवला नाही. दुकानात कोणीतरी किंमत विचारत होतं, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही.

"माझी आई गावाला असते," म्हणाला.